एकोणसत्तर पैशांचा डोंगर

पुण्यात कुठंही खणा, काळा कातळ लागतो. पाणी लागेल न लागेल. पण सोनं, तांबं, जस्त यांतलं काही लागणार नाही, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ बोलवावा लागत नाही, बोअरवेलवाला पुरतो. खडकी याला अपवाद नाही. इथं साहेब आला, छावणी आली, बाजार आला, आणि १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. तेव्हापासून इथल्या कित्येक घरांची चूल कारखान्याच्या भोंग्यावर पेटली आणि बाजारातली कित्येक दुकानं कारखान्याच्या पगारावर चालली. पगार, ओव्हरटाइम, फंड आणि पेन्शन, एवढ्या चार शब्दांत खडकीतल्या तीन-तीन पिढ्यांचं अर्थकारण आटोपतं.

तरीही आमच्या इमारतीत मँगनीजचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. असतो म्हणजे, करून घ्यावाच लागतो. तळमजल्यावरचे तात्या जिन्यात गाठून सांगतात.

तात्यांचं सगळं आयुष्य ॲम्युनिशन फॅक्टरीत, काडतुसांच्या पितळी नळकांड्यांत गेलं. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, हे ते अजूनही समोरच्याला माहीत नसेल अशा समजुतीनं सांगतात. या पितळेच्या जोरावर त्यांची अशी ठाम धारणा आहे, की धातूंमधलं आपल्याला इतर पेन्शनरांपेक्षा दोन आणे जास्त कळतं. म्हणून २०१० च्या ऑक्टोबरात कोल इंडियाचे शेअर विक्रीला निघाले आणि सगळी दुनिया फॉर्म भरायला धावली, तेव्हा तात्या जागचे हलले नाहीत. कोळसा जाळायचा असतो, त्यात पैसे काय घालायचे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात नागपूरच्या मॉइलचे शेअर आले आणि तात्यांनी चेकबुक काढलं. मॉइल म्हणजे पूर्वाश्रमीची मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड. शेअरचा भाव ३७५ रुपये. अर्ज इतके आले की तात्यांच्या वाट्याला चिमूटभरच शेअर पडले. पुढं भाव घसरत गेला तसतसे त्यांनी आणखी गोळा केले, २०१७ मध्ये कंपनीनं एकास एक बोनस दिला, आणि आकडा एकदाचा शंभरावर जाऊन बसला. तिथून तो हललेला नाही. शंभर शेअर असलेला माणूस स्वतःला मालक म्हणवून घेऊ शकतो, नव्व्याण्णववाला नाही, असा काहीतरी तात्यांचा हिशेब असावा.

खडकीच्या पेन्शनरला वर्षातून दोनदा काहीतरी मिळायची सवय आहे. जानेवारीत महागाई भत्ता, जुलैत महागाई भत्ता. डिव्हिडंडही बहुतेक वर्षी दोनदाच येतो, एक मधला आणि एक शेवटचा. त्यामुळं तात्यांनी त्याला ‘दुसरी पेन्शन’ म्हणायला सुरुवात केली, आणि तिथूनच खरी गंमत सुरू झाली. पहिली पेन्शन कशी येते हे तात्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. दुसरी कशी येते हे मात्र त्यांना कळल्याशिवाय चैन पडेना.

ती येते फार लांबून आणि फार खोलातून. पुण्याचा काळा कातळ पूर्वेकडं सरकत सरकत नागपूरच्या आसपास संपतो आणि त्याच्या पलीकडं फार जुन्या खडकांचा प्रदेश लागतो. नागपूर, भंडारा, बालाघाट या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा पट्टा जातो. १८९६ साली इंग्रजांनी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ नावानं तिथं हात घातला. म्हणजे आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यापेक्षा ही मंडळी सत्तावीस वर्षांनी धाकटी. १९६२ साली त्यांचा कारभार नव्या कंपनीकडं आला. त्यात केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तीन सरकारांचे मिळून ५१ टक्के, आणि उरलेले जुन्या विलायती कंपनीचे. १९७७ मध्ये तोही विलायती हिस्सा विकत घेऊन टाकला. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग, बालाघाटची भरवेली ही नावं तात्या आता पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम सांगावेत तशी ओळीनं सांगतात.

२०१० ची ती विक्री झाली तेव्हा या तीन सरकारांनीच आपापले थोडे थोडे शेअर विकले होते. त्यातला एक रुपयाही कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. तात्यांना हे कळलं त्या दिवशी ते जरा गप्प होते. ‘म्हणजे मी खाणीला पैसे दिलेच नाहीत,’ ते म्हणाले, ‘सरकारला दिले.’ मग स्वतःच समजूत काढून घेतली: ‘असू दे. आयुष्यभर सरकारनं मला दिले, एकदा मी सरकारला दिले.’

महाराष्ट्र सरकारकडं अजूनही मॉइलचे पाच-सहा टक्के शेअर आहेत. म्हणजे ज्या दिवशी तात्यांच्या खात्यात डिव्हिडंड येतो, त्याच सुमारास राज्याच्या तिजोरीतही येतो. बेरजेतला फरक सोडला तर तात्या आणि महाराष्ट्र शासन एकाच रांगेत उभे आहेत, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं तेव्हा त्यांची मान जरा ताठ झाल्यासारखी वाटली.

आता त्या एकोणसत्तर पैशांचं सांगतो. २०२२-२३ या वर्षासाठी मॉइलनं मधला डिव्हिडंड शेअरमागं ३ रुपये दिला आणि शेवटचा दिला ६९ पैसे. खडकी बाजारातल्या बँकेत पासबुक छापायचं मशीन आहे. ते वही आत ओढून घेतं, मनात येईल तेव्हा कर्रकर्र करतं आणि तिरक्या ओळीत काहीतरी छापून वही बाहेर ढकलतं. तात्यांच्या वहीत पेन्शन आणि विमाहप्ता यांच्या मधोमध कंपनीचं अर्धवट तोडलेलं नाव आणि पुढं ६९.०० एवढं उमटलं. तात्या ती ओळ अंगठ्याखाली धरून घरी आले.

एकोणसत्तर पैसे! पावली आणि तिच्या खालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून कायद्यानं बाद झाली. पन्नास पैसे कायद्यात चालतात पण खडकी बाजारात कुणी घेत नाही. ज्या रकमेचं नाणंच या देशात उरलेलं नाही ती रक्कम एखाद्या कंपनीनं गंभीर चेहऱ्यानं जाहीर करावी आणि भागधारकांनी सभेत तिला मंजुरी द्यावी, यात काहीतरी भव्य आहे. काकूंचा प्रश्न सरळ होता: ‘अहो, पण सत्तर का नाही दिले?’

तात्यांनी दुपारभर कॅल्क्युलेटर बडवला आणि संध्याकाळी उत्तर काढलं. वर्षाचा नफा २५० कोटींच्या किंचित वर. एकूण शेअर २० कोटी ३५ लाखांच्या किंचित खाली. शेअरमागं नफा १२ रुपये ३१ पैसे. त्याचे तीस टक्के करा: ३ रुपये ६९ पैसे. ‘बघ,’ तात्या म्हणाले, ‘यात कुणाची माया नाही की कुणाचा कंजूषपणा नाही. पट्टी लावून कापलंय.’ आयुष्यभर गेजनं नळकांडी मोजलेल्या माणसाच्या आवाजात त्या क्षणी त्या अनोळखी कंपनीबद्दल निखळ आदर होता.

ही पट्टी दिल्लीची. केंद्रीय अर्थ मंत्रालयात ‘दीपम’ नावाचा विभाग आहे. सरकारी कंपन्यांमधलं सरकारचं धन सांभाळणं हे त्याचं काम. त्यानं मे २०१६ मध्ये फर्मान काढलं, की सरकारी कंपनीनं दरवर्षी निव्वळ नफ्याच्या किमान ३० टक्के किंवा नेटवर्थच्या ५ टक्के, यांत जे जास्त असेल तेवढा डिव्हिडंड द्यायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाचाचे चार झाले. अर्थात कुठल्याही सरकारी नियमाला असते तशी याही नियमाला सवलतीची एक खिडकी आहे. हातात रोकड फार साठली असेल तर कंपनीनं स्वतःचे शेअर परत विकत घ्यावेत, असंही त्यात आहे. मॉइलनं २०१६ सालीच आठशे कोटींहून जास्त खर्चून तसे घेतले, अडीचशेच्या आसपासच्या भावानं. ३७५ ला घेतलेल्यांनी तेव्हा दुसरीकडं पाहिलं.

तर मुद्दा असा, की खाणीतून किती द्यायचं हे खाण ठरवत नाही. सरकारच्या अंदाजपत्रकाला भोक पडलेलं असतं, ते बुजवायला सरकार आपल्या कंपनीकडं हात पसरतं. पण कायदा असा की सगळ्या शेअरांना सारखंच द्यावं लागतं. त्यामुळं सरकारनं स्वतःसाठी मागितलेलं तात्यांनाही मिळतं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. नळ्याला कुणी विचारत नाही कुठं जायचं, पण यात्रा त्याची होतेच.

खासगी खाणमालकांची तऱ्हा वेगळी. तिथं गाडा कधी कधी चौखूर उधळतो. हिंदुस्थान झिंक ही उदयपूरची कंपनी. एके काळी सरकारी होती, २००२ मध्ये तिचा ताबा स्टरलाइटकडं, म्हणजे आजच्या वेदांता समूहाकडं गेला. तिनं त्याच २०२२-२३ मध्ये दोन रुपये दर्शनी किमतीच्या शेअरवर वर्षभरात एकूण ७५ रुपये ५० पैसे वाटले. वरच्या लंडनच्या कंपनीच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं, इकडं सरकारकडंही अजून एकोणतीस टक्क्यांवर हिस्सा होता; मागणारे दोघं, आणि दोघंही घाईत. वर्षानुवर्षं साठवलेली गंगाजळी भराभर वाटली गेली. तात्यांकडं झिंकचा एकही शेअर नाही. ज्याचा सगळा जन्म जस्तात गेला तो नेमका जस्ताला मुकला, हे दुःख त्यांनी आम्हाला फारसं जाणवू दिलं नाही. फक्त त्या वर्षी ते पितळेबद्दल जरा कमी बोलले.

मोठ्या कंपन्यांना आपलं डिव्हिडंड धोरण लेखी जाहीर करावं लागतं. सेबीनं २०१६ मध्ये आधी पाचशे कंपन्यांना हे सांगितलं, पुढं आकडा हजारावर नेला. ही धोरणं मी वाचून पाहिली आहेत. सगळी बघून गेलेल्या मुलाकडच्यांसारखी बोलतात: सर्व बाबींचा साकल्यानं विचार करून, परिस्थिती अनुकूल असल्यास, योग्य वेळी कळवू. त्या मानानं सरकारी पट्टी बरी. निदान किती नाही, हे तरी कळतं.

अर्थशास्त्रज्ञांचं मत विचाराल तर तात्यांच्या आनंदावर पाणीच पडेल. मोदिग्लियानी आणि मिलर या दोन पंडितांनी १९६१ साली मांडून ठेवलंय, की कर आणि दलाली नसलेल्या आदर्श बाजारात कंपनीनं डिव्हिडंड दिला काय आणि न दिला काय, भागधारकाला फरक पडत नाही. तीन रुपये वाटले की शेअरचा भावही त्या दिवशी तेवढा उतरतो. उजव्या खिशातलं डाव्या खिशात. हे मी तात्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. पण उजव्या खिशातले पैसे रोज वरखाली होतात. डाव्या खिशातले पासबुकात छापून येतात.’ यावर नोबेल मिळालेल्या माणसांनी काय उत्तर दिलं असतं मला सुचलं नाही.

हे खिशाचं गणित न कळणारे लोकही असतात. वरच्या मजल्यावरच्या एका होतकरू तरुणानं डिव्हिडंडची बातमी वाचून नेमके रेकॉर्ड डेटच्याच दिवशी शेअर घेतले. आदल्या दिवशी घेतले असते तर नाव यादीत लागलं असतं. वरातीमागून घोडं. त्याला डिव्हिडंड मिळाला नाही, तात्यांचं व्याख्यान मात्र मिळालं.

तसं बसल्या जागी वाटा मिळण्याचं पुण्याला काही नवल नाही. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या रमण्यावर दक्षिणा वाटली जायची आणि लांबलांबून विद्वान, अर्धविद्वान आणि नुसतेच भुकेले लोक येऊन रांगा लावायचे. ५ नोव्हेंबर १८१७ ला याच खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज हटली, बाजीराव पर्वतीवरून बघत राहिले, राज्य गेलं. दक्षिणा मात्र इंग्रजांच्या एल्फिन्स्टननं लगेच बंद केली नाही. लोकांची नाराजी नको म्हणून चालू ठेवली. त्या एल्फिन्स्टनच्या नावाचा रस्ता खडकीत आहे. बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत उरकाव्या लागतात, त्यामुळं शेवटचा डिव्हिडंड हमखास श्रावण-भाद्रपदात किंवा त्याच्या पुढंमागं येतो. रमणा बदलला, मुहूर्त तोच राहिला.

तात्यांच्या टीव्हीच्या कपाटावर एक दगड आहे. तुमसरला त्यांचे मेहुणे असतात. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं तात्या एकदा तिकडं गेले, तेव्हा मेहुण्यांनी दिलेला. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या दोन्ही खाणी तुमसर तालुक्यातल्याच. दगड दिसायला लिंबाएवढा, पण उचलायला गेलं की हात खाली जातो, इतका जड. रंग काळा, आणि काळा म्हणजे आमच्या कातळासारखा करडा-काळा नाही, काजळीचा काळा. बोट फिरवलं की बोट काळं होतं. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्येही वापरतात, ती काळी पूड हीच. काकूंनी त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल घातला होता; रुमालाला जो गोल डाग पडला तो आजतागायत गेलेला नाही, आणि तो विषयही. दगड कपाटावर राहिला, रुमाल बदलला.

मी तात्यांना म्हटलं, ‘तुम्हाला कंपनीनं दिलेला खरा डिव्हिडंड हाच. वस्तुरूपात.’ तात्यांनी लगेच दुरुस्ती केली: कायद्यानं डिव्हिडंड रोखीतच द्यावा लागतो, वस्तूत चालत नाही. हल्ली त्यांना कंपनी कायद्याची कलमं तोंडपाठ आहेत. कर कापला जाण्याइतका डिव्हिडंड त्यांना मिळत नाही, तरी ते दरवर्षी ‘कर कापू नका’ सांगणारा फॉर्म भरून ठेवतात.

पण त्या दगडानं एक पंचाईत करून ठेवली. साबणाची कंपनी साबण विकते आणि नफा वाटते, तेव्हा साबण करायचं यंत्र जागेवर राहतं. खाणवाले जे विकतात ते परत येत नाही. दरवर्षी डोंगराचा एक तुकडा गाडीत भरून जातो, आणि त्याचे तीन रुपये एकोणसत्तर पैसे होतात. बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही, असं आपण म्हणतो. इथं अक्षरशः डोंगरच खाणं चाललंय, आणि त्याला आपण उत्पन्न म्हणतो.

हा वाद तात्यांच्याही आधीचा आहे. न्यूशातेल ॲस्फाल्ट नावाच्या एका इंग्रजी कंपनीकडं स्वित्झर्लंडमधल्या डांबरी खडकाचा मक्ता होता. एका भागधारकानं तक्रार केली, की खाण रिकामी होत चालली आहे, तिची भरपाई बाजूला न काढता डिव्हिडंड कसला वाटता? १८८९ साली लंडनच्या अपील न्यायालयानं निकाल दिला, की कायदा तशी सक्ती करत नाही, वाटा खुशाल. आपल्याकडं ताळेबंदात यंत्रं झिजल्याची नोंद असते, ट्रक झिजल्याची असते, ऑफिसातलं कपाट झिजल्याचीसुद्धा असते. डोंगर झिजल्याची नसते. कारण डोंगर कंपनीचा नसतोच, भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो. कंपनी राज्याला रॉयल्टी देते, २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात त्यावर आणखी काही भरते, आणि हिशेब संपला म्हणते.

गोव्यात हाच हिशेब कुणीतरी पुन्हा मांडायला लावला. सेसा गोवा ही कंपनी १९५४ ची. तिचे शेअर एके काळी बाजाराचे लाडके होते, पुढं नावं बदलत ती वेदांतात विरघळली. लोखंडाची माती जहाजं भरभरून जपानला, मग चीनला गेली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ मध्ये परवानगी देताना वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या किमतीतले दहा टक्के एका कायमच्या निधीत टाकायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. २०१८ मध्ये तर नूतनीकरण केलेले सगळे पट्टे रद्द केले. आता गोव्यात काही मंडळी म्हणतात, की खनिज हे वाडवडिलांकडून आलेलं आहे. ते विकलं तर सगळी रक्कम गाठीला बांधा, आणि फक्त तिची वाढ दरवर्षी प्रत्येक गोंयकाराला सारखी वाटा. ऐकायला स्वप्नरंजन वाटतं, पण अलास्कात तेलाच्या पैशातून असा निधी १९७६ पासून आहे, आणि १९८२ मध्ये तिथल्या प्रत्येक रहिवाशाला पहिला हजार डॉलरचा चेक गेला. तिथं डिव्हिडंड मिळायला शेअर लागत नाही, नुसतं तिथं राहावं लागतं. मला हे न्यायाचं वाटतं. तात्यांना वाटत नाही. कारण अशा हिशेबात भंडाऱ्याच्या माणसाला मिळेल, खडकीच्या नाही. आयत्या बिळावरच्या नागोबाला बिळाच्या मालकीची चर्चा आवडत नाही, हे मी मनात म्हटलं. उघड म्हणण्याइतका माझा आणि त्यांचा जिना वेगळा नाही.

आणि या दुसऱ्या पेन्शनीचा भरवसा तरी किती? पहिली पेन्शन दिल्लीहून येते, तिला वादळवारं लागत नाही. दुसरीला ऑस्ट्रेलियातलं लागतं. मार्च २०२४ मध्ये तिकडच्या ग्रूट आयलंड नावाच्या बेटावर मेगन नावाचं चक्रीवादळ आदळलं आणि मँगनीजच्या एका मोठ्या खाणीचा धक्काच मोडला. माल बोटीत चढेना. जगात मँगनीजचा भाव भडकला, मॉइलनं आपले दर वाढवले, शेअर उसळला, आणि खडकीत तात्यांनी पेढे वाटले. बेट नकाशात कुठं आहे हे काकूंनी विचारल्यावर त्यांनी हात ढगाकडं केला. तिथल्या कामगारांचं काय झालं असेल, हेही काकूंनीच विचारलं. पेढे जरा बेचव झाले, पण संपले.

पुढं भाव उतरलाच. मोठमोठ्यांचंही असंच होतं. बीएचपी आणि रिओ टिंटो या जगातल्या अजस्र खाणकंपन्यांनी एके काळी वचन दिलं होतं, की आमचा डिव्हिडंड कधी खाली येणार नाही, चढता किंवा तितकाच राहील. लोखंडाचे, तांब्याचे भाव कोसळले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दोघींनीही एकाच महिन्यात ते वचन गुंडाळून ठेवलं. बीएचपीनं सहामाही डिव्हिडंड ६२ सेंटवरून १६ वर आणला. यापुढं नफ्याचा अमुक हिस्सा देऊ, म्हणाले; जास्त असेल तर जास्त, कमी असेल तर कमी. म्हणजे हिंडून फिरून तेही पट्टीवरच आले.

तात्यांना जास्त हलवून गेली ती गोष्ट मात्र खाणीची नव्हती. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातले ४१ आयुध कारखाने मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी आणि शेजारची हाय एक्स्प्लोझिव्ह्ज फॅक्टरी या दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेल्या. दीडशे वर्षं ज्या कारखान्याला नफा हा शब्द ठाऊक नव्हता, त्याला आता ताळेबंद आला, संचालक मंडळ आलं, आणि सरकारी कंपनी म्हटल्यावर दीपमची पट्टीही ओघानंच आली. तात्या आपल्या जुन्या शॉपच्या भिंतीकडं बघत म्हणाले, ‘म्हणजे आता ह्याचेही तीस टक्के कापणार.’ आवाजात काळजी होती. पण पाठोपाठ त्यांनी हळूच विचारलं, ‘ह्याचे शेअर येतील का रे कधी?’

हल्ली ते मॉइलचा वार्षिक अहवाल आला की डिव्हिडंडचं पान आधी उघडत नाहीत. खनिजाचा साठा किती उरलाय ते आधी बघतात. भरवेलीची खाण खोल खोल जात चाललीय, नवी शाफ्ट लागते, खर्च वाढतो, हे सगळं त्यांना पाठ आहे. मी म्हटलं, ‘तात्या, तुमच्या हयातीत काही संपत नाही तो साठा.’ तर म्हणाले, ‘तेच तर बघतोय. त्यांचा साठा आणि माझा साठा. कुणाचा आधी लागतोय तळाला.’ आणि मोठ्यानं हसले. हसताना त्यांना खोकला येतो. काकू आतून ओरडल्या, ‘दगडाला हात लावून तोंडाला लावू नका.’

यंदा वार्षिक सभेत बोलायचं त्यांनी ठरवलंय. सभा ऑनलाइन असते. आधी नाव नोंदवलं तर भागधारकाला प्रश्न विचारता येतो. मसुदा लिहून घ्यायला मला बोलावलं होतं. पहिल्या मसुद्यात मॉइलचा १८९६ पासूनचा इतिहास होता; तो मी काढला. दुसऱ्यात पितळ होतं; ते त्यांनी मोठ्या कष्टानं काढू दिलं. शेवटी फॅक्टरीच्या अर्जाच्या थाटात एक वाक्य उरलं: महोदय, सविनय विनंती की साठा आणखी किती वर्षे पुरेल आणि त्यानंतर भागधारकांनी काय करावे, याचा खुलासा व्हावा. कागद घडी घालून होतोय तोच काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. पूर्वी तात्या पुण्यातल्या कंपन्यांच्या सभांना जायचे तेव्हा येताना सामोसा आणि बर्फीचं पाकीट आणायचे, हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे.

‘दोन नंबरचा प्रश्न माझा लिही,’ त्या मला म्हणाल्या. ‘ऑनलाइन सभेत ते पाकीट कुठं मिळतं?’